आपल्याच शहराच्या बँडपुरतं लेबल: डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सचं प्रकरण

१९८० सालच्या शेवटी वॉशिंग्टन डीसीमधला टीन आयडल्स हा शाळकरी पोरांचा बँड मोडला. वर्षभर छोटे-मोठे कार्यक्रम करून साठवलेले सुमारे ६०० डॉलर गाठीला होते. चौघांत वाटले असते तर प्रत्येकाच्या हाती दीडशे आले असते आणि आठवडाभरात उडालेही असते. त्याऐवजी त्यांनी आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या आठ गाण्यांची ७ इंची तबकडी काढायचं ठरवलं. त्यासाठी इअन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या नावाखाली जे लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी छोटी कंपनी, सुरू केलं, ते पुढे चार दशकांहून जास्त टिकलं.

बँड जिवंत नसताना पहिली तबकडी आली, ही गोष्ट गमतीची वाटते. व्यवहारात तिचा अर्थ असा, की तबकडीच्या प्रचारासाठी गावोगाव वाजवायला कुणी नाही, म्हणजे विक्री फक्त ओळखीपाळखीत, एक-दोन दुकानांत आणि टपालानं. त्यामुळे पैसे परत आले तर मित्रांच्या पुढच्या बँडची तबकडी काढायची, नाही आले तर विषय संपला, एवढाच बेत होता. पैसे परत आले. त्यातून एस.ओ.ए., मायनर थ्रेट, गव्हर्नमेंट इश्यू, यूथ ब्रिगेड अशी रांग लागली. स्थानिक संगीताला पाठबळ म्हणजे कलाकारांना पैसे वाटणं, असा समज असतो. या प्रकरणात पाठबळ म्हणजे तेच ६०० डॉलर न थांबता फिरते ठेवणं. लेबलची बहुतेक धोरणं आणि बहुतेक अडचणी तिथूनच निघाल्या.

१००० नग का?

तबकडी छापायचा खर्च दोन भागांत पडतो. पहिला भाग एकदाच करायचा. टेपवरून लॅकरवर (मऊ थर दिलेल्या कोऱ्या चकतीवर) खाचा कोरायच्या, लॅकरवर धातूचा थर चढवून उलटा साचा घ्यायचा, त्यावरून ‘मदर’ आणि मदरवरून प्रत्यक्ष दाब देणारा स्टॅम्पर बनवायचा. हा खर्च १०० नग काढा किंवा १०००, तेवढाच असतो. दुसरा भाग नगागणिक वाढणारा, म्हणजे व्हिनाइल, मधला गोल कागद, पाकीट. एक स्टॅम्पर साधारण हजारभर नग चांगले काढतो, मग आवाज खरखरायला लागतो. म्हणून १००० हा आकडा सोयीचा. स्थिर खर्च बऱ्यापैकी विभागला जातो आणि नवा स्टॅम्परही लागत नाही. डिस्कॉर्डची पहिली तबकडी १००० नगांचीच होती.

हे गणित पोरांना कुठून कळलं? जवळच्या रॉकव्हिलमध्ये येस्टरडे अँड टुडे नावाचं रेकॉर्डचं दुकान चालवणारा स्किप ग्रॉफ स्वतःचं छोटं लेबलही चालवायचा. कारखाना कसा गाठायचा, काय पाठवायचं, काय विचारायचं, हे त्यानं सांगितलं. एखाद्या शहरात बँड भरपूर आणि तबकड्या शून्य असतील, तर बहुतेक वेळा कमी पडलेला असतो तो असा एक माणूस.

रेकॉर्डिंग झालं शेजारच्या आर्लिंग्टनमधल्या इनर इअर स्टुडिओत. स्टुडिओ म्हणजे डॉन झिएन्टारा याच्या घरात मांडलेलं चार ट्रॅकचं यंत्र. चार ट्रॅकवर काम करताना निर्णय आधी घ्यावे लागतात, कारण ड्रम आणि बेस एकदा एका ट्रॅकवर बसले की नंतर वेगळे करता येत नाहीत. खर्च मात्र इतका कमी, की हजार नगांतले काहीशे विकले तरी स्टुडिओचे पैसे सुटतात. गल्लीतलं लेबल बुडतं ते बहुतेक स्टुडिओच्या बिलानं. पाच हजार नग विकले जातील या भरवशावर रेकॉर्डिंग करायचं आणि छापायला मात्र हजारचेच पैसे उरायचे, असा तो घोळ असतो.

तबकडी कोरण्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात. ७ इंची तबकडीची एक बाजू मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाला चार-साडेचार मिनिटांपर्यंत दणदणीत वाजते. त्याहून जास्त भरलं तर खाचा जवळ येतात आणि आवाज खाली आणावा लागतो. दुसरं म्हणजे बेस मधोमध, मोनोत ठेवायचा. डाव्या-उजव्या बाजूला उलट्या फेजमध्ये (एकीकडे लहर वर तर दुसरीकडे खाली) गेलेला बेस सुईला वर-खाली नाचवतो आणि ती खाचेतून उडते. टेस्ट प्रेसिंग, म्हणजे सगळा माल छापण्याआधीची नमुना तबकडी, ऐकताना हे शोधायचं असतं, आणि तेही चांगल्या सेटवर नव्हे, घरातल्या सर्वांत भिकार प्लेअरवर.

पाकीट

छापील, चिकटवलेलं पाकीट कारखान्याकडून घेणं महाग पडत होतं. म्हणून त्यांनी इंग्लंडहून आलेल्या एका ७ इंची तबकडीचं पाकीट सांध्यांवर उकललं, सपाट केलं आणि त्याचा आराखडा कागदावर उतरवला. असं उघडलेलं पाकीट ११ बाय १७ इंचांच्या कागदावर नीट बसतं. पाठ आणि पोट मिळून साडेचौदा इंच लांबी, कडेला चिकटवायच्या पट्ट्या. साध्या छापखान्यातून छपाई करून घ्यायची आणि मग मित्रमंडळींनी जमिनीवर बसून कात्रीनं कापायचं, घडी घालायची, गोंद लावायचा, गाण्यांच्या शब्दांचा कागद आत सरकवायचा. सुरुवातीच्या सिंगल्सची (७ इंची तबकड्यांची) हजारो पाकिटं अशी हातानं झाली.

एका पाकिटाला चार मिनिटं धरा, म्हणजे १००० पाकिटांना सुमारे ६७ तास. चार जण रोज संध्याकाळी दोन तास बसले तर नऊ दिवस. ही मजुरी हिशेबात कुठेच लिहिली जात नाही, आणि ‘आमची तबकडी इतक्या स्वस्तात निघाली’ असं सांगणाऱ्या लेबलांनी लपवलेला आकडा बहुतेक हाच असतो. बिघाडही ठरलेले. कागदाच्या तंतूंच्या आडव्या दिशेनं घडी घातली तर शाई तडकते. गोंद जास्त झाला तर आतल्या कागदाला चिकटतो, कमी झाला तर सहा महिन्यांनी पट्टी उलते. आधी पाच-दहा पाकिटं करून रात्रभर वजनाखाली ठेवावीत, मगच हजाराला हात घालावा.

खपामुळे आलेली टंचाई

या प्रकरणाचा गाभा १९८३ सालचा आहे. मायनर थ्रेटची ‘आउट ऑफ स्टेप’ ही १२ इंची तबकडी आली आणि हातोहात संपली. मागणी देशभरातून येत होती. लेबलकडे मात्र पुन्हा छापायला पैसे नव्हते.

बाहेरून बघणाऱ्याला हे कोडं वाटतं. माल संपला तर गल्ला भरायला हवा ना? आकडे मांडून बघू (हे समजण्यापुरते आहेत, डिस्कॉर्डच्या वहीतले नाहीत). एका नगाचा सगळा खर्च १ डॉलर, वितरकाला विक्री २ डॉलरनं. २००० नग छापले, कारखान्याला २००० डॉलर रोख आणि आगाऊ दिले, कारण नवख्या लेबलला कारखाना उधारी देत नाही. तीन आठवड्यांत सगळा माल वितरकांकडे गेला. येणं झालं ४००० डॉलर, पण कागदावर. वितरक म्हणतो ९० दिवस. प्रत्यक्षात १२०-१५० दिवस, तेही अर्धे. दरम्यान दुकानं आणखी ३००० नग मागताहेत आणि त्यासाठी ३००० डॉलर आज हवेत. हातात शून्य. कसेबसे उभे केले, तरी छापून यायला चार-सहा आठवडे जातात आणि तोवर ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे वळतं. विक्री दुप्पट झाली की खड्डाही दुप्पट होतो. नफ्यात असलेलं लेबल रोख पैशाअभावी बुडतं ते असं.

त्यात वितरणाच्या धंद्यातली एक न बोललेली रीत आहे. तुमचे जुने पैसे वितरक तेव्हाच देतो, जेव्हा त्याला तुमची पुढची तबकडी हवी असते. ज्या लेबलकडे पुढची तबकडी नाही, त्याची वसुली सर्वांत शेवटी. डिस्कॉर्डला या बाबतीत एक गोष्ट उपयोगी पडली असावी: शहरात बँड इतके होते, की पुढचं काहीतरी कायम तयार असायचं.

वाट निघाली लंडनहून. सदर्न स्टुडिओज चालवणारा जॉन लोडर क्रास या बँडचं रेकॉर्डिंग आणि छपाई सांभाळत होता. त्यानं डिस्कॉर्डच्या तबकड्या आपल्या पैशानं युरोपात छापून द्यायची तयारी दाखवली. त्या काळातल्या डिस्कॉर्डच्या बऱ्याच एलपींवर (१२ इंची तबकड्यांवर) फ्रान्समध्ये बनल्याची नोंद दिसते, ती यामुळे. या प्रकारच्या व्यवहारात छपाई आणि वितरण समोरचा करतो, विक्रीतून आधी स्वतःचा छपाईखर्च आणि वितरणाचा वाटा कापतो आणि उरलेली रक्कम लेबलला देतो. कोणता बँड घ्यायचा, पाकिटावर काय छापायचं, किंमत काय, हे लेबलच ठरवतं. खेळत्या भांडवलाची अडचण त्या एका फटक्यात सुटते.

तोट्याची बाजूही लहान नाही. तुमचा माल, तुमचे साचे आणि तुमची उधारी, तिन्ही एकाच माणसाच्या गोदामात जातात. तो बुडाला तर तिन्ही एकाच दिवशी बुडतात, आणि घेणेकऱ्यांच्या यादीत लहान लेबल तळाशी असतं. म्हणून असा व्यवहार करताना तीन गोष्टी पहिल्याच दिवशी बोलून घ्याव्यात. मूळ टेप आपल्याकडे राहणार, न विकला गेलेला माल कुणाच्या मालकीचा हे लिहून ठेवायचं, आणि हिशेब दर तीन महिन्यांनी नगांसकट यायचा, नुसत्या रकमेचा नाही. छापले किती, पाठवले किती, परत आले किती, शिल्लक किती. या चार आकड्यांची बेरीज जुळत नसेल तर रकमेवर वाद घालण्यात अर्थ नसतो.

कुंपण

डिस्कॉर्डचा सर्वांत प्रसिद्ध नियम म्हणजे फक्त वॉशिंग्टन आणि आसपासचे बँड. याकडे बहुतेक वेळा गावाभिमान म्हणून बघितलं जातं. आमच्या मते तो आधी खर्चाचा नियम आहे. बँड त्याच शहरातला असला की स्टुडिओ तोच, पाकीट करायला येणारी माणसं तीच, कार्यक्रम तिथेच, वाद झाला तर समोरासमोर बसून मिटतो. शिवाय देशभरातून टेपा येतात, त्या ऐकून नकार कळवण्याचं काम वाचतं. आणि एका बँडची तबकडी आवडलेला दूरचा ग्राहक त्याच शहराची दुसरी तबकडी डोळे झाकून मागवतो. १९८२ सालच्या ‘फ्लेक्स युअर हेड’ या संकलनात ११ बँड एकत्र आले होते, आणि संपूर्ण शहराचीच ओळख एका एलपीत झाली. नवख्या लेबलनं कोणती तबकडी दुसरी-तिसरी काढावी, असं कुणी विचारलं तर उत्तर हेच: एकेका बँडची सिंगल काढून झाली की संकलन.

कुंपण अगदीच दगडी नव्हतं. लंगफिश हा बँड बाल्टिमोरचा, तरी त्याच्या तबकड्या डिस्कॉर्डवर आल्या. पण असे अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

नियमाची दुसरी बाजू क्वचित बोलली जाते. शहरात एकच लेबल मोठं झालं की ते आपसूक द्वारपाल बनतं. ज्या बँडला तिथे जागा मिळाली नाही, त्याला आपण शहराच्या संगीतातच नाही असं वाटू लागतं. यावर उपाय म्हणजे शहरात आणखी लेबलं उभी राहणं, आणि डिस्कॉर्डनं इतर स्थानिक लेबलांबरोबर जोडीनं तबकड्या काढल्या, त्यांच्या मालाच्या वितरणाला हात दिला. त्यानं द्वारपालपण पूर्ण जात नाही, थोडं कमी होतं.

दारावरचे पाच डॉलर

तबकडी विकली जाते ती कार्यक्रमामुळे, आणि कार्यक्रमाची अडचण वयाची होती. क्लब चालतो दारूच्या गल्ल्यावर. सोळा वर्षांचं पोर दारू पीत नाही, जागा मात्र अडवतं, आणि परवान्याची भीती वेगळी. टीन आयडल्स पश्चिम किनाऱ्यावर गेले होते तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका क्लबनं त्यांच्या हातांवर काळी फुली मारून त्यांना आत घेतलं होतं, म्हणजे हा हात दिसला की दारू द्यायची नाही. हीच तोड त्यांनी परतल्यावर वॉशिंग्टनच्या क्लबांपुढे ठेवली. पहिल्या तबकडीच्या पाकिटावर दिसतात ते फुली मारलेले हात तेच.

जिथे क्लब तयार नव्हता तिथे चर्चची सभागृहं, सामुदायिक केंद्रं, तळघरं. मकायचा नंतरचा एक बँड फुगाझी १९८७ साली सुरू झाला. त्यानं सर्व वयांसाठी खुला कार्यक्रम आणि सुमारे ५ डॉलर तिकीट, ही अट पुढे देशभर पाळली. समजा ३०० जण आले, १५०० डॉलर जमले. त्यातून सभागृहाचं भाडं, आवाजाच्या यंत्रणेचं भाडं, दारावरच्या दोन-तीन माणसांचे पैसे, उरलेलं बँडांचं. हे जमायचं असेल तर मधला आयोजक, हॉटेल आणि व्यवस्थापकाची टक्केवारी या तिन्हींना कात्री लावावी लागते. फुगाझीला व्यवस्थापक नव्हता. कमी तिकिटाचं कौतुक सगळे करतात, पण ते परवडतं कसं याचं उत्तर तिकिटात नसतं, या कात्रीत असतं.

दुकानदारानं भाव चढवू नये म्हणून तबकडीच्या पाठीवर टपालखर्चासह किंमत छापायची, हेही त्याच जातीचं काम. ग्राहकाला थेट मागवायची सोय कळते आणि दुकानदार फार वर जाऊ शकत नाही. फक्त एक काळजी घ्यावी. छापील किंमत वर्षानुवर्षं तशीच राहते, टपालाचे दर राहत नाहीत, म्हणून पुनर्मुद्रणाच्या वेळी हा आकडा बदलायला विसरू नये.

करार नसण्याचा हिशेब

डिस्कॉर्डनं बँडांशी लेखी करार केले नाहीत. खर्च वसूल झाल्यावर उरलेला नफा बँडबरोबर वाटून घ्यायचा, एवढा तोंडी व्यवहार. मोठ्या कंपनीच्या रॉयल्टीशी तुलना केली तर फरक कळतो. पुन्हा समजण्यापुरते आकडे घेऊ. १०,००० नग, घाऊक भाव ५ डॉलर, जमा ५०,०००. छपाई १५,०००, रेकॉर्डिंग २,०००, जाहिरात आणि टपाल ३,०००. उरले ३०,०००, निम्मे केले तर बँडला १५,०००. तोच बँड ८ डॉलर किरकोळ किमतीवर १२ टक्के रॉयल्टीनं गेला तर १०,००० नगांवर ९,६०० डॉलर होतात. पण आगाऊ रक्कम आणि महागडा स्टुडिओ मिळून ६०,००० त्याच्या नावावर लिहिलेले असतात आणि ते फक्त रॉयल्टीतून फिटतात. म्हणजे १०,००० नग विकून बँड अजून ५०,४०० डॉलरच्या बाकीत.

नफ्याच्या वाटणीत भांडण होतं ते ‘खर्च’ या शब्दावरून. टेलिफोन, खोलीचं भाडं, फुकट वाटलेले नग, हे बँडच्या माथी मारायचे की लेबलच्या? साधी रीत अशी, की एका विशिष्ट तबकडीकडे बोट दाखवता येईल तोच खर्च तिच्या नावावर, बाकी सगळं लेबलच्या वाट्यातून. फुकट प्रती किती काढायच्या हे आधीच ठरवावं, नाहीतर हजारातले दोनशे ‘प्रसिद्धीसाठी’ जातात आणि बँडला पत्ताही लागत नाही.

करार नाही म्हणजे जाणाऱ्याला अडवताही येत नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या कंपन्या इंडी (लहान स्वतंत्र लेबलांवरचे) बँड शोधत फिरत होत्या, तेव्हा जॉबॉक्स अटलांटिककडे आणि शडर टू थिंक एपिककडे गेला. दोघांचे मोठ्या कंपनीवरचे पहिले अल्बम १९९४ साली आले. डिस्कॉर्डला त्याचा मोबदला मिळाला नाही. मोठ्या कंपनीकडून कराराची किंमत वसूल करणं हाच बऱ्याच लहान लेबलांचा खरा धंदा असतो, तो इथे आपणहून सोडलेला होता. पण आधीच्या तबकड्या डिस्कॉर्डकडेच राहिल्या आणि बँड मोठ्या कंपनीकडे गेल्यामुळे नवे श्रोते मागे वळून त्या शोधत आले. जॉबॉक्सच्या १९९४ च्या अल्बमची २००९ ची नवी आवृत्ती तर बँडच्या स्वतःच्या डेसोटो लेबलनं डिस्कॉर्डच्याच जोडीनं काढली.

जुन्या यादीचं महत्त्व इथे दिसतं. लॅकर, मदर, रेकॉर्डिंग यांचे पैसे केव्हाच फिटलेले असतात, त्यामुळे पाचशे नगांचं पुनर्मुद्रणही पदरात काही टाकतं. मायनर थ्रेट १९८३ मध्ये संपला, पण १९८९ साली त्याची सगळी गाणी एका सीडीवर आली आणि विकली जात राहिली. नवीन तबकडी जुगार असते, जुनी तबकडी भाडं देते.

तरी एक शंका उरतेच. या लेबलचं जहाज हलकं राहिलं ते आधी मायनर थ्रेट आणि मग फुगाझीमुळे, आणि दोन्ही बँड लेबलचा मालक मकाय याचेच. ज्यांच्या तबकड्या जेमतेम हजार विकल्या गेल्या, त्यांचा भार या विक्रीनं उचलला. हजार-दोन हजार नगांपर्यंतची पद्धत कुठल्याही शहरात उचलता येईल. त्यापुढची झेप एका बँडवर उभी आहे, आणि तो बँड नियमानं घडवता येत नाही. नक्कल करणारी लेबलं नेमकी इथे फसतात. चौथ्या तबकडीलाच खोली भाड्यानं घेतात, दोन पगार सुरू करतात, आणि पगाराची तारीख विक्रीची वाट बघत नाही. डिस्कॉर्ड बरीच वर्षं आर्लिंग्टनमधल्या भाड्याच्या राहत्या घरातूनच चालत होतं आणि कामाला घेतलेली बरीच माणसं शहरातल्या बँडांमधलीच होती. त्यांना दौऱ्यावर जायला सुट्टी लागायची, पण काम काय आहे हे समजावून सांगावं लागत नसे.

फुगाझी २००२ नंतर मंचावर आला नाही. ते इंजीन बंद झाल्यावर नव्या तबकड्या कमी झाल्या आणि जुन्या यादीवरचा भर वाढला. बँडनं केलेल्या हजारभर कार्यक्रमांपैकी ८००हून अधिक कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग आवाज सांभाळणाऱ्यांनी वेळोवेळी करून ठेवलं होतं, बरंचसं साध्या कॅसेटवर. २०११ पासून ते एकेक कार्यक्रमानुसार डाउनलोडला ठेवायला सुरुवात झाली. तेव्हा ऐकणाऱ्यानं १ ते १०० डॉलरमध्ये वाटेल ते द्यायचं होतं, सुचवलेली किंमत ५ डॉलर होती.